संगणकाचे दुकान रोज रात्री वाढवावे

घरातला संगणक रोज रात्री पूर्ण बंद करावा की नुसता ‘स्लीप’वर टाकून ठेवावा, यावर बऱ्याच घरांत दोन पक्ष असतात. मोठी माणसे म्हणतात, गरज नसताना यंत्र चालू कशाला? मुले म्हणतात, रोज बंद-चालू केल्याने ते लवकर बिघडते. दुरुस्तीला येणारा माणूस तिसरेच काही सांगून जातो. हे सगळे बोलत असतात ते यंत्राच्या तब्येतीबद्दल. त्याच खोलीत रात्री अंथरूण घालून झोपणाऱ्या माणसांच्या तब्येतीचा विषय या वादात निघत नाही. वास्तविक यंत्राच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर काहीही दिले तरी फार बिघडत नाही. बिघडते ते माणसाचे. म्हणून यंत्राची बाजू आधी उरकून घेतलेली बरी.

यंत्राला काय हवे?

‘सारखे बंद-चालू करू नये’ हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला ‘एनिअॅक’ हा संगणक १९४६ मध्ये जगासमोर आला, तेव्हा जुन्या रेडिओत असत तसे सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह त्यात होते. हे व्हॉल्व्ह बहुधा तापताना किंवा थंड होतानाच जात. म्हणून त्याची देखभाल करणारे अभियंते तो शक्यतो बंदच करत नसत. पूर्वीचा पिवळा बल्ब नेमका बटण दाबल्याक्षणी उडायचा, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले कारण वेगळे सांगायला नको.

पण व्हॉल्व्ह जाऊन कितीतरी दशके लोटली. आजच्या घरगुती संगणकातल्या फिरत्या हार्ड डिस्क हजारो वेळा थांबून पुन्हा सुरू होण्याच्या हिशेबानेच बनवलेल्या असतात. अनेक डिस्कसाठी हा आकडा ५० हजारांच्या घरात असतो. रोज रात्री एकदा संगणक बंद केला, तर दहा वर्षांत होतात ३,६५० वेळा. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत तर फिरणारा भागच नसतो. तेव्हा रोज बंद केल्याने संगणक झिजतो ही भीती सोडून द्यायला हरकत नाही.

राहता राहिला विजेचा हिशेब. टेबलावरचा साधा संगणक काही काम न करता नुसता चालू असला, तरी साधारण ६० वॉट वीज घेतो असे धरू. रात्रीच्या आठ तासांत ती होते ४८० वॉट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट. महिन्याला १४-१५ युनिट. रिकाम्या खोलीत रात्रभर पंखा फिरत ठेवण्यासारखाच हा प्रकार. ज्या घराचे वीजबिल १०० युनिटांच्या काठावर असते, त्या घराला एवढी भर वरच्या दराच्या टप्प्यात नेऊन बसवू शकते. तोच संगणक ‘स्लीप’वर टाकला, तर दोन वॉटच्या आसपास काम भागते. म्हणजे चालू संगणक एका रात्रीत जेवढी वीज खातो, तेवढी ‘स्लीप’ला महिनाभर पुरते. तेव्हा रात्रभर चालू ठेवणे ही उधळपट्टीच. पण ‘स्लीप’ आणि पूर्ण बंद यांच्यातला फरक बिलावर दिसणारा नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ‘विंडोज’ची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय ८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक आपल्या कारभाराचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा उचलतो. त्यामुळे मंदावलेला, अडखळणारा संगणक रोज बंद करूनही सुधारत नाही. खरी पाटी कोरी होते ती ‘रीस्टार्ट’ केल्यावर. सुरक्षेसाठी येणारे अनेक ‘अपडेट’ही रीस्टार्ट झाल्याशिवाय पुरते बसत नाहीत. हे टाळत राहण्याची किंमत मोठी असू शकते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक ओलीस धरले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णालय संस्थांना त्याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये, आले होते. ते अनेक यंत्रांवर बसवलेच गेले नव्हते.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे लाइट जाणे. टेबलावरचा संगणक ‘स्लीप’मध्ये असताना उघडलेले काम मेमरीत राहते, आणि मेमरीला सतत वीज लागते. यूपीएस नसेल आणि रात्री लाइट गेली, तर न साठवलेले काम गेले. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भ-मराठवाड्यात विजा कडाडतात तेव्हा तर नुसता ‘शट डाउन’ही पुरत नाही. भिंतीवरचे बटण बंद करून प्लगही काढून ठेवावा, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही. लॅपटॉप गादीवर, पांघरुणात चालू ठेवून झोपणे तर कधीच नको. त्याची हवा जाण्याची वाट बंद होते आणि तो तापत राहतो.

एवढी काळजी घेतली आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केले, की यंत्राचे समाधान होते. रोज रात्री त्याला बंद केले काय किंवा ‘स्लीप’वर टाकले काय, त्याला सारखेच.

एकाच नावाच्या दोन झोपा

संगणकाच्या त्या अवस्थेला ‘स्लीप’ हे नाव ज्याने दिले, त्याने माणसाच्या झोपेवर नकळत अन्याय केला. संगणक ‘झोपतो’ तेव्हा त्याचे काम थांबलेले असते. माणूस झोपतो तेव्हा एका वेगळ्या पाळीचे काम सुरू होते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा तो घेतो. झोपेत हा खर्च कमी होतो, पण थांबत नाही. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की झोपेत ठरावीक वेळाने डोळे बंद पापण्यांआड झपाट्याने हलतात आणि त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणीइतका गजबजलेला असतो. तोवर झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, एवढेच मानले जात होते. आता माहीत आहे, की रात्रभरात साधारण दीड-दीड तासाची चार-पाच आवर्तने होतात. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरांत येतो, आणि वाढीच्या हार्मोनचा मोठा झोत त्याच वेळी सुटतो. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे कामही झोपेतच होते. डोळ्यांच्या झपाट्याच्या हालचालींची, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणून रात्रीची झोप उशिरा सुरू होऊन गजराने वेळेवरच संपली, तर कापला जातो तो पहाटेचा तुकडा.

किती झोप हवी, याबद्दल निद्रातज्ज्ञांच्या संस्थांनी दिलेले आकडे सोपे आहेत. प्रौढांना रोज किमान ७ तास, १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास, आणि ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास. आता एका अकरावीच्या मुलाचा हिशेब मांडून पाहावा. सातच्या क्लाससाठी तो सहाला उठतो. आठ तास व्हायचे, तर दहाला डोळे मिटायला हवेत. तो बारानंतर झोपतो. रोजचे दोन तास, आठवड्याच्या सहा दिवसांचे बारा तास. रविवारी दुपारपर्यंत लोळून ही उधारी पुरती फिटत नाही. उलट रविवारी रात्री झोप आणखी लांबते आणि सोमवार सकाळ जड जाते.

मोठ्यांचे नुकसान वेगळ्या जागी दिसते. शिकागो विद्यापीठातच १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची क्षमता लक्षणीय घटली. अकरा जणांचा अभ्यास लहानच. पण नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी त्याच दिशेला बोट दाखवले आहे. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोचलेल्या या राज्यात ही गोष्ट क्षुल्लक नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात साखर आटोक्यात येत नाही म्हणून गोळ्या वाढवल्या जातात, आहार विचारला जातो, चालायला जाता का हे विचारले जाते. ‘रात्री किती वाजता झोपता?’ हा प्रश्न मात्र गर्दीत राहून जातो.

उजेड किती, उशीर किती

पडद्याच्या निळ्या उजेडाची भीती आता सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि निळा रंग गाळणाऱ्या चष्म्यांचा धंदाही तीवर चालतो. तिची शहानिशा करायला हवी. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांचे काम मेंदूतल्या घड्याळाला बाहेर दिवस आहे की रात्र, हे कळवणे. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्री असा उजेड मिळाला, की झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. इथवर शंका नाही.

पण परिणाम केवढा? बोस्टनच्या संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १२ जणांना सलग पाच संध्याकाळी झोपण्याआधी चार तास प्रकाशित पडद्यावर पुस्तक वाचायला दिले, आणि आणखी पाच संध्याकाळी छापील पुस्तक. पडद्यावर वाचल्यावर मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा वाढू लागले. प्रत्यक्ष झोप लागायला मात्र सरासरी दहा मिनिटेच जास्त लागली. चार तासांच्या वाचनाचा दंड दहा मिनिटे. हा परिणाम खरा आहे. पण बाराऐवजी दोनला झोपणाऱ्याचे गणित त्याने सुटत नाही, आणि पडदा पिवळसर केल्यानेही सुटत नाही.

खरी चोरी उजेड करत नाही, उशीर करतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये या वागण्याला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘झोपेची चालढकल’ म्हणता येईल: बाहेरून कसलीही अडवणूक नसताना ठरवलेल्या वेळी न झोपणे. झोप येत नाही म्हणून जागणे आणि झोप येत असताना जागत राहणे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली आजार असू शकते. दुसरी सवय आहे, आणि झोपेची गोळी हा तिच्यावरचा उपाय नाही.

या चालढकलीला सर्वांत मोठी मदत करतो तो ‘स्लीप’वर टाकलेला संगणक. माउसला धक्का लागला, की दोन-तीन सेकंदांत तो जागा. अर्धवट राहिलेला तक्ता तिथेच, मेल तिथेच, मध्येच थांबवलेली मालिका त्याच प्रसंगावर, खेळ त्याच पातळीवर. कामाला शेवट असा नाहीच. नुसता विराम आहे. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस ‘एवढे एकच पाहतो’ म्हणून बसतो आणि घड्याळात दीड वाजतो. पूर्ण बंद असलेल्या, भिंतीवरचे बटणही मिटवलेल्या संगणकाला सुरू करायला एखादे मिनिटच लागते. पण रात्री एक वाजता ते मिनिट पुरेसे असते. तेवढ्या वेळात माणसाला आपण काय करतो आहोत हे कळते.

दुकान वाढवण्याची वेळ

मराठीत दुकानदार रात्री दुकान ‘बंद’ करत नाही, ‘वाढवतो’. शब्द अशुभ टाळण्यासाठी आला असेल. पण त्यामागची कृती पाहण्यासारखी असते. गल्ला मोजायचा, वहीत उधारी टिपायची, उद्या काय मागवायचे ते लिहायचे, माल झाकायचा, दिवा मालवायचा आणि शटर ओढायचे. मग कुणी आले तरी ‘आता उद्या’. दुकान दुकानाच्या जागी राहते आणि माणूस घरी जातो.

संगणक घरात आला आणि दुकान, कचेरी, शाळा, क्लास, सिनेमाघर सगळे एका टेबलावर आले. २०२० च्या टाळेबंदीत तर ते अपरिहार्यच झाले. टाळेबंदी उठली, पण ते दुकान वाढवायची वेळ कुणी ठरवली नाही. रोज रात्री संगणक पूर्ण बंद करावा, तो यासाठी. यंत्राला त्याची गरज नाही. घराला आहे.

वाढवण्याच्या या कृतीतला वहीचा भागही नुसता उपचार नाही. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी करून झालेल्या कामांची. उद्याची कामे लिहिणारे सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपले. प्रयोग लहान आहे, पण खर्च काहीच नाही. उघडलेल्या वीस खिडक्या म्हणजे डोक्यात उघडी राहिलेली वीस कामेच. त्या मिटताना उरलेले काम कागदावर लिहावे. मग ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी रात्रभर मेंदूवर राहत नाही.

वेळ कोणती? झोपायच्या तासभर आधीची, आणि रोज तीच. माणसाच्या शरीरातले घड्याळ २४ तासांपेक्षा थोडे संथ चालते, म्हणजे त्याचा कल रोज जरासे उशिरा झोपण्याकडे असतो. वयात येणाऱ्या मुलांत हा कल आणखी वाढतो. तो आळस नसतो, शरीरधर्म असतो. म्हणूनच बाहेरून लावलेली शिस्त लागते. झोपायची वेळ रोज पाळणे अवघड वाटते, कारण झोप हुकमावर येत नाही. बटण मात्र हुकमावर बंद होते. अकराला झोपायचे असेल तर ‘अकराला झोप’ या नियमापेक्षा ‘दहाला संगणक बंद’ हा नियम पाळायला सोपा आणि तपासायलाही सोपा.

यात एका माणसाचा विचार बहुतेक घरांत सुटतो. दोन खोल्यांच्या घरात संगणक ज्या खोलीत असतो, त्याच खोलीत कुणीतरी झोपत असते. बहुधा आजी, आजोबा किंवा धाकटे भावंड. मुलगा ट्यूब लावून एकपर्यंत बसतो, आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. तिची झोप मुळात वयामुळे हलकी झालेली. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२२ मधील अभ्यासात २० निरोगी तरुणांपैकी काहींना एकच रात्र १०० लक्स उजेडात, म्हणजे घरातल्या बेताच्या दिव्याइतक्या प्रकाशात झोपवले. त्यांच्या हृदयाची गती रात्रभर वाढलेली राहिली आणि सकाळी इन्सुलिनचा परिणाम कमी झालेला आढळला. जागणाऱ्याला निदान जागण्याचा मोबदला मिळतो. शेजारी झोपणाऱ्याला काहीच न मिळता किंमत मोजावी लागते.

अडचणी खऱ्या आहेत

या सांगण्यावर आक्षेप येणारच, आणि त्यातले काही रास्त आहेत.

पहिला: सगळ्यांना रात्र आपल्या मर्जीची मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ, आणि तिथल्या हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तिथल्या ग्राहकाशी बोलणाऱ्याला ‘दहाला बंद कर’ म्हणणे ही थट्टा आहे. पण त्यालाही दुकान वाढवायची वेळ हवी. ती दहाची नसेल, एकची असेल. बैठक संपल्यावर ‘आता जरा स्वतःसाठी’ म्हणून आणखी दोन तास जाऊ नयेत, सकाळची झोप पडदे ओढून, अंधारात सात तास मिळावी, आणि घरच्यांनी दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत कुणालाही ती मोडू देऊ नये. रात्रपाळीची परिचारिका आणि पोलीस शिपाई यांच्या घरांत हा समजूतदारपणा जुना आहे; संगणकावरच्या रात्रपाळीला तो अजून मिळालेला नाही.

दुसरा: संगणक बंद केला आणि फोन उशाशी घेतला, तर उपयोग काय? काहीच नाही. फोन बंद करता येत नाही, कारण गावाकडे आई-वडील असतात आणि रात्री-अपरात्री निरोप येऊ शकतो. तेव्हा फोनची रिंग चालू ठेवावी, इंटरनेट बंद करावे आणि तो हात पोचणार नाही अशा ठिकाणी चार्जिंगला लावावा. हाक ऐकू येते आणि बाकीचा बाजार बंद राहतो.

तिसरा: मुले ऐकत नाहीत. फक्त मुलांना लावलेला नियम ती ऐकणारही नाहीत. बाप बाराला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला असेल, तर मुलाला दहाला उठवण्याचा अधिकार त्याला उरत नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला, तो मुलांची झोप पूर्ण होत नाही म्हणूनच. सरकार सकाळचा एखादा तास देऊ शकते. रात्रीचा तास घरानेच द्यायचा आहे. शाळा उशिरा भरते म्हणून घर तेवढेच उशिरा झोपू लागले, तर तो मिळालेला तास वायाच गेला.

चौथा: काही संगणक रात्रभर चालू ठेवावेच लागतात. कुणाचे मोठे डाउनलोड चालू असते, कुणाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठत असते. अशा वेळी निदान मॉनिटर बंद असावा, लुकलुकणाऱ्या दिव्यावर पट्टी असावी आणि शक्य असेल तर यंत्र झोपायच्या खोलीबाहेर असावे.

आणि ज्यांना खरोखरच झोप येत नाही, त्यांच्यासाठी बटण हा संपूर्ण उपाय नाही. अंथरुणावर पडून वीसएक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात शांत बसावे, डोळे जड झाले की परत यावे. अंथरूण फक्त झोपेसाठी, हा नियम रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडला आणि तो आजही निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहे. उठल्यावर संगणकापुढे बसले, की हा उपाय वाया गेला. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले असेल, किंवा मोठ्याने घोरणे आणि दिवसा डुलक्या असे दोन्ही असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून स्वतःच गोळ्या आणू नयेत. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितले आहे, की दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार औषध नव्हे, तर झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी समुपदेशनाची पद्धत. डॉक्टरांनीही केसपेपरवर साखर आणि रक्तदाबाच्या शेजारी झोपायची वेळ लिहायला सुरुवात करावी. विचारायला दहा सेकंद लागतात.

संगणक रात्री बंद करावा का, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘हो’च आहे. मात्र तो टिकावा म्हणून नव्हे, बिल वाचावे म्हणूनही फारसे नव्हे. आज रात्री काम साठवावे, उद्याच्या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात, ‘शट डाउन’ करून भिंतीवरचे बटण मिटवावे आणि त्या खोलीतला दिवाही मालवावा. संगणक चार वर्षांनी बदलता येतो. त्या खोलीत झोपणाऱ्यांच्या तब्येती तशा बदलून मिळत नाहीत.